सुरीनामची माणसं मोजताना

देशाचं नाव: सुरीनाम.

एवढा एकच रकाना आमच्या घरात वादाशिवाय भरला गेला. उर्जानं तो स्वतः भरला, निळ्या शाईच्या पेनानं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून.

राजधानी: पारामारिबो. (हाही वादाशिवाय. म्हणजे दोन रकाने. सुरुवातीलाच माझी मोजणी चुकली.)

कागद शाळेतून आला होता. २००६चा जानेवारी, नाताळची सुट्टी संपून पहिला आठवडा. चौथीतल्या प्रत्येक मुलानं दक्षिण अमेरिकेतल्या, आणि ते देश पुरेनात म्हणून मध्य अमेरिकेतल्याही, एकेका देशावर पाच मिनिटं बोलायचं. त्यासाठी घरून हा कागद भरून न्यायचा: नाव, राजधानी, लोकसंख्या, शासन, अर्थव्यवस्था, आणि सगळ्यात खाली एक मोठा मोकळा चौकोन, 'मला काय नवीन कळलं?' त्सीग्लर बाईंनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या लेओनला ब्राझील आलं. आमच्या उर्जाला सुरीनाम.

मी गोंधळले ती इथूनच. कारण सुरीनाममध्ये शेकडा सत्तावीस लोक मूळचे हिंदुस्थानी आहेत असं सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नेटवर वाचलं. मग ती चिठ्ठी खरंच टोपीतून आली, की बाईंनी माया म्हणून ती नेमकी हिच्या हातात पडू दिली? आणि ती माया असेल, तर मला बरं वाटायला हवं की वाईट?

"झिंड विअर दास?" उर्जानं जर्मनमध्ये विचारलं. आपण ते आहोत का?

मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, तसे आहोत. मग म्हणाले, बाबाला विचार.

आता ज्यावर सगळं अडलं होतं ते सांगते, म्हणजे पुढचा आमचा वेडेपणा निदान समजेल. इथे कार्ल्सरूहेत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझिउमला गेलं की पुढे विद्यापीठाचा रस्ता सरळ. रेआलशूलला गेलं की तो रस्ता वळणावळणानं. कुणी कुठे जायचं ते शाळा लिहून देते, आणि आईबापांनी ते मान्य करायचं असतं. उर्जाला गणितात दोन होते. इथे एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास. जर्मनमध्ये ती तीन आणि चारच्या मध्ये लटकत होती. दोन्हींची सरासरी अडीच किंवा त्याहून चांगली हवी. म्हणजे जर्मनमध्ये तीन पडले तर गिम्नाझिउम, चार पडले तर नाही. आणि तीन की चार ते या पाच मिनिटांच्या बोलण्यावर ठरणार होतं.

नऊ वर्षांची मुलगी. पाच मिनिटं. सुरीनाम.

लोकसंख्या:

सुधीरनं नेटवर पाहिलेला आकडा चार लाख ब्याण्णव हजार आठशे एकोणतीस. मी वाचनालयातून जाडजूड कोश आणला, त्यात साडेतीन लाखांच्या किंचित पुढे. उर्जाच्या शाळेच्या ॲटलासमध्ये गोल गोल साडेचार लाख.

सुधीर म्हणाला, कोश जुना आहे, त्यात १९८० सालचा आकडा. लोक वाढणारच. मग त्यानं आणखी थोडं वाचलं आणि माउसवरचा हात काढून घेतला. तिथे २००३ साली शिरगणती झाली होती. सगळा देश मोजून झाला. मग कचेरीला आग लागली आणि भरलेले कागद जळले. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना परत मोजलं.

जेवताना त्यानं हे सांगितलं तेव्हा अण्णांनी घास खाली ठेवला.

अण्णा म्हणजे माझे सासरे, पद्माकर. सांगलीत शाळामास्तर होते, गणिताचे. निवृत्त झाल्यावर प्रथमच आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. मास्तरकीत त्यांनी तीन वेळा शिरगणतीची ड्यूटी केली होती: एकाहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव. घराघरावर गेरूनं नंबर टाकायचे, मग वही घेऊन प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहायचं. किती माणसं, कोण कुणाचं कोण, वय, धर्म, मातृभाषा. ही गोष्ट सुधीरच्या लहानपणापासून घरात रोजच्या भाजीसारखी शिजत आलेली आहे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत मीही ती ऐकली.

"सगळे कागद?" अण्णांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"मग त्या मास्तरांनी काय केलं असेल रे," ते म्हणाले, आणि बराच वेळ आमटी तशीच ढवळत राहिले.

उर्जानं जर्मनमध्ये विचारलं की माणसं जळली का. तिला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र येत नाही. अण्णांना जर्मनमधलं फक्त 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, एवढंच कळतं. तरी दोघांचं एकमेकांशी उत्तम चालायचं, आमच्या दोघांपेक्षा उत्तम. माणसं नाही, कागद जळले, असं मी सांगितलं. पण मग तिनं विचारलं की तो पहिला आकडा आता खरा की खोटा, आणि मी आमटी वाढायला उठले.

लोकसंख्या (पुन्हा):

इथे मला सहा जानेवारीकडे मागे जावं लागेल.

त्या दिवशी इथे सुट्टी असते. डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट घातलेली तीन मुलं आमच्या इमारतीत आली, गाणं म्हणाली, डब्यात पैसे जमवले आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्या दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून गेली. वीस, मग एक चांदणी, काही अक्षरं, मग शून्य सहा. ख्रिस्ताला भेटायला आलेल्या तीन राजांची ही प्रथा. घराला आशीर्वाद म्हणून सालाचा आकडा लिहितात.

अण्णा जिन्यात उभे राहून ते सगळं बघत होते. मी त्यांना नीट समजावलं. धार्मिक आहे, अण्णा. ते म्हणाले, हो हो. पण त्यांच्या मनात काय बसलं ते मला आठ दिवसांनी कळलं: या देशात मुलांनी दारोदार जाऊन चौकटीवर खडूनं आकडे टाकले तरी कुणाची हरकत नसते.

शनिवारी दुपारी मी दुकानात गेले होते. सुधीर सोफ्यावर झोपला होता. तो आठवड्यातले चार दिवस कामासाठी नेकारसुल्मला रेल्वेनं ये-जा करतो, शनिवारी त्याला उठवायचं नाही असा नियम आहे. अण्णांनी उर्जाला सांगितलं की आकडा पुस्तकात वाचून कळत नसतो, आकडा पायांनी कळतो. आधी आपली इमारत मोजू, मग तुला सुरीनाम समजेल.

आमच्या इमारतीत आठ घरं. अण्णांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला, वही घेतली, खडू घेतला, आणि दुपारच्या एक ते तीनच्या वेळात, म्हणजे ज्या वेळात आमच्या इमारतीच्या नियमाप्रमाणे भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो, दोघं निघाले. अण्णा मराठीत विचारायचे, उर्जा जर्मनमध्ये सांगायची, उत्तर आलं की अण्णा लिहायचे, आणि निघताना चौकटीवर खडूनं दोन आकडे टाकायचे: घराचा नंबर, तिरपी रेघ, माणसं. आकडे अर्थात देवनागरी.

तळमजल्यावर हाउग आजी, एकटीच. १/१. त्यांनी बिस्किटं दिली. लेओनचं घर, २/३. विद्यार्थ्यांचं घर, ३/३, तिथे एका मुलानं धर्म विचारल्यावर फुटबॉल क्लबचं नाव सांगितलं आणि अण्णांनी ते तसंच लिहून घेतलं. पाचव्या नंबरचं तुर्की कुटुंब, ५/५, त्या बाईंनी अण्णांना आत बसवून चहा पाजला. सहावं बंद. सात, दोघं. आठ म्हणजे आम्ही, चौघं.

आमच्या चौघांवर जिन्यातच वाद झाला म्हणे. आजोबा तर एप्रिलमध्ये जाणार, मग ते कसे मोजायचे, असं उर्जानं विचारलं. अण्णांनी नियम सांगितला: गणतीच्या पूर्ण काळात जो आपल्या घरी नसतो तो जिथे असेल तिथे मोजायचा. म्हणजे मी आज इथला. उर्जानं विचारलं, म्हणजे सांगलीत तुम्ही नाही? अण्णा म्हणाले, सांगलीत मी या वेळेपुरता नाही. तिला हे फार आवडलं.

आणि चौथा नंबर.

चौथ्या नंबरला ड्योर्फलर राहतात. सत्तरीचे, एकटे, छापखान्यातून निवृत्त. दार उघडून त्यांनी उर्जाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, काही न बोलता दार लावलं. अण्णांनी बाहेरून ४ लिहिलं, तिरपी रेघ दिली, आणि पुढे काही लिहिलं नाही. वहीत त्या ओळीवर त्यांनी लिहिलं: उत्तर नाही.

एकूण अठरा. अधिक एक उत्तर नाही. अधिक एक दार बंद.

मी पिशव्या घेऊन जिना चढत होते तेव्हा प्रत्येक दारावर अण्णांच्या हातचा वळणदार खडू. आधी मला फार छान वाटलं. मग दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत घाम फुटला.

संध्याकाळी ड्योर्फलर आमच्या दारात. हातात ओलं फडकं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भीतीचं. ते म्हणाले की ज्या शहरात आपण उभे आहोत, त्याच शहरातल्या घटना-न्यायालयानं त्र्याऐंशी साली या देशाची शिरगणती थांबवली होती. इथून ट्रामनं पंधरा मिनिटं. सत्त्याऐंशी साली ती परत आली तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं फॉर्मच्या कोपऱ्यातला नंबर कात्रीनं कापून टाकला होता, उत्तरं कुणाची ते कळू नये म्हणून. माणूस किती, कुठला, कशाला मानतो, हे दारावर लिहून ठेवायची गोष्ट नाही. एकदा, युद्धाच्या आधी, या देशात तसं झालेलं आहे.

मी माफी मागितली. सुधीर उठून आला, त्यानंही मागितली. आमच्या मागे अण्णा उभे होते. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी काय सांगणार होते? मी म्हणाले, अण्णा, त्यांना मोजलेलं आवडत नाही.

"मग मोजलं कुठे," अण्णा म्हणाले. "रेघेपुढे कोरंच ठेवलंय की."

हे मी भाषांतर केलं नाही. उर्जानं केलं. ड्योर्फलर तिच्याकडे बघत राहिले, मग अण्णांकडे, मग फडकं घेऊन खाली गेले.

अर्थव्यवस्था:

हा रकाना सुधीरकडे होता. बॉक्साइटची माती, तिच्यापासून ॲल्युमिना. सोनं, तांदूळ, थोडं तेल. दोन हजार चारला चलनावरून तीन शून्यं उडवली आणि नाव बदललं. हे ऐकून अण्णांनी विचारलं की तीन शून्यं उडाल्यावर माणूस गरीब होतो की श्रीमंत. सुधीर म्हणाला, आहे तेवढाच राहतो. मग उडवली कशाला? सुधीर म्हणाला, अण्णा, प्लीज.

तो ज्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो ती नेकारसुल्मच्या मोटार कारखान्याला माल पुरवते. तिथून तो ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी घेऊन आला. त्यानं जेवणाच्या सुट्टीत तीन जणांना विचारलं होतं की हा पत्रा येतो कुठून. पहिला म्हणाला नॉर्वे, दुसरा म्हणाला पुरवठादार, तिसरा म्हणाला कशाला हवंय.

रविवारभर मी चार्ट केला. हो, मी केला. पुण्यात माझे सगळे चार्ट आईनं केले, तिचे तिच्या मामानं. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल नकाशाच्या आकारात कापला. भाताच्या शेतांवर खरे तांदूळ चिकटवले. खाणींवर ती पट्टी. कडेनं रांगोळीची वेल. अक्षरं स्टेन्सिलनं. उर्जा शेजारी बसून डिंकाचं झाकण उघडून देत होती आणि म्हणत होती की हे तिला एकटीनं करायचं असतं. मी म्हणाले, तूच तर करते आहेस.

हेर्त्सोगेनआउराखहून कुंदाचा फोन आला, माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी यातून गेला. ती म्हणाली, "चार्टबिर्ट ठीक आहे ग, पण कोपऱ्यात एखादी चूक ठेव. मुलाच्या हातची वाटली पाहिजे." मी वेलीचं एक पान वाकडं केलं. मग ते मला बघवेना म्हणून परत सरळ केलं.

शासन:

सुरीनाममध्ये राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडत नाहीत. एक्कावन्न जणांची सभा आहे, तिच्यात दोन तृतीयांश मतं मिळायला हवीत. नाही मिळाली, तर गावोगावचे प्रतिनिधी मिळून साडेआठशेहून जास्त माणसांची मोठी सभा भरते आणि तिथे साध्या बहुमतानं ठरतं. मागच्याच वर्षी असं झालं होतं.

मंगळवारी बाईंनी मला शाळेत बोलावलं. लेओनच्या आईनं त्यांना जिन्यातल्या मोजणीचं सांगितलं होतं. तक्रार म्हणून की गंमत म्हणून, ते मला आजही नक्की माहीत नाही. बाईंच्या टेबलावर आमचा चार्ट आडवा ठेवला होता. दोन-तीन तांदूळ सुटून टेबलावर पडले होते आणि त्या बोलता बोलता एकेक दाणा बोटानं गोळा करत होत्या.

त्या म्हणाल्या की हे फार सुंदर आहे, आणि मुलीचं नाही. मी हो म्हणाले की नाही म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक दोन्ही. मग त्या म्हणाल्या की गुरुवारी उर्जा चार्टशिवाय बोलेल. कागदही हातात नको. ती जे स्वतः सांगेल त्यालाच गुण. आणि घरातल्या कुणी आता तिला मदत करू नये.

चार्ट मी ट्राममधून घरी आणला. रस्ताभर तांदूळ सांडत आले.

रात्रीच्या जेवणाला आमची सभा भरली. सुधीरचं मत, तिच्याकडून पाच मिनिटं घोकून घ्यायची, बाईंना काय कळतंय. माझं मत, बाईंना सगळं कळतं, घोकायचं नाही. मग घोकायचं नाही तर काय करायचं? अण्णांचं मत, इमारतीचं काम अर्धवट आहे, सहावं दार परत गाठलं पाहिजे. सुधीर त्यांना म्हणाला, "अहो अण्णा, तुमच्यामुळे झालंय हे सगळं." अण्णा ताट उचलून सिंककडे गेले आणि कितीतरी वेळ एकच वाटी धूत राहिले.

दोन तृतीयांश मतं कुणालाच मिळाली नाहीत. मोठी सभा बोलवावी तर माणसं कुठून आणायची?

उर्जाला विचारलं, तुझं काय मत? ती तिच्या खोलीत गेली. दार जोरात नाही, हळू लावलं. ड्योर्फलरांनी लावलं होतं म्हणे, तसंच.

लोकसंख्या (तिसऱ्यांदा, आणि आता माझ्या हातात पेन नाही):

गुरुवारी वर्गात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही उर्जाकडून, काही दोन आठवड्यांनी बाईंकडून, काही लेओनकडून जिन्यात. तुकडे एकमेकांना नीट बसत नाहीत.

उर्जा उभी राहिली आणि फळ्यावर तीन आकडे लिहिले. साडेतीन लाख, साडेचार लाख, चार लाख ब्याण्णव हजार आठशे एकोणतीस. मग म्हणाली की यातला कुठला बरोबर ते ती सांगणार नाही, कारण चौथा आकडा जळला. मग आगीबद्दल सांगितलं. मग म्हणाली की दुसऱ्यांदा मोजताना काही मास्तरांना परत त्याच दारांवर जावं लागलं असेल, आणि लोक म्हणाले असतील, तुम्ही तर येऊन गेलात ना? हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिनं बनवलं. बाईंना ती बनवलेली गोष्ट वाटली नाही, त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

मग तिनं सांगितलं की नव्या गणतीत आपण कुठल्या वंशाचे, या प्रश्नाला बत्तीस हजारांहून जास्त माणसांचं उत्तरच नव्हतं. एवढी माणसं आपल्या शाळेत मावणार नाहीत. मग हाउग आजी आल्या, मग फुटबॉल क्लब धर्म असलेला मुलगा, वर्ग हसला. मग ड्योर्फलर, कात्री, घटना-न्यायालय. मग तिचे आजोबा, जे सांगलीत या वेळेपुरते नाहीत.

साडेचार मिनिटं झाल्यावर बाईंनी विचारलं, आणि सुरीनामची अर्थव्यवस्था?

उर्जा म्हणाली, ॲल्युमिनियम. ते कुठे जातं ते तिच्या बाबाच्या कारखान्यातही कुणाला माहीत नाही.

शासनाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. घरी मी विचारलं तर म्हणाली, वेळ संपला. मग थोड्या वेळानं, मी ओट्याशी उभी असताना, म्हणाली की त्यावर सांगितलं असतं तर तुमच्या भांडणाचं सांगावं लागलं असतं.

मला काय नवीन कळलं?

फेब्रुवारीत पालकभेट. बाईंनी उर्जालाही बोलावलं होतं, तशी त्यांची पद्धत. सुधीरनं रजा काढली. आम्ही तिघं चौथीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो.

बाई म्हणाल्या की बोलणं फार चांगलं होतं आणि विषयाला धरून नव्हतं. शासन नाही, अर्थव्यवस्था जवळजवळ नाही. भाषेला दोन, मजकुराला चार. म्हणून तीन. हे तीन धरल्यावर जर्मनमध्ये एकूण तीन. गणितात दोन. सरासरी अडीच.

सुधीरनं माझा हात दाबला. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे तर मग. आकड्याप्रमाणे गिम्नाझिउम. पण त्या आकड्यानं त्यांचं समाधान होत नव्हतं. अडीच म्हणजे काठावर. तिथे रोज कागद भरायचे असतात, रकान्यात जे विचारलं तेच लिहायचं असतं. ही मुलगी रकान्याबाहेर लिहिते. त्यांना वाटत होतं की रेआलशूलमध्ये ती कदाचित जास्त मोकळी राहील. कदाचित नाही. अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे, त्या म्हणाल्या, आणि अजून मला हे कळत नाही.

मला एकदम त्या आवडल्या. तोपर्यंत मला वाटत होतं की या गोष्टीत फक्त आम्हालाच काही कळत नाही.

मग त्यांनी उर्जाला विचारलं, तुला काय हवंय?

सुधीर खुर्चीत पुढे सरकला. मला काय ऐकायचं होतं ते तेव्हा मला पक्कं माहीत होतं, पंधरा दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं.

उर्जानं बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काइने आन्गाबे," ती म्हणाली.

उत्तर नाही. इथल्या फॉर्मवर अगदी खाली जो पर्याय असतो, तो. ड्योर्फलर अण्णांच्या वहीत जिथे बसलेत ती ओळ.

सुधीर तिला मराठीत काहीतरी म्हणाला, हळू, दातांतून. ती बधली नाही. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पेन उचललं, आकड्याची बेरीज परत एकदा करून पाहिली, आणि गिम्नाझिउमच्या चौकोनात फुली केली. म्हणाल्या, मग आज आकड्याचंच ऐकू. खालच्या कोऱ्या ओळीवर त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं आणि कागद घडी करून पाकिटात घातला.

परतताना ट्राममध्ये सुधीर तीनदा म्हणाला, झालं की नाही? झालं. मी हो म्हणाले. मी खूश होते. मी खूश होते असं मी मनात दोनदा म्हणून पाहिलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, अडीचच्या अडीच, ना वर ना खाली. पण ते हिला मिळालं, की आम्हाला मिळालं, की त्या आकड्याला? पाकीट माझ्या मांडीवर होतं. खाली बाईंनी लिहिलं होतं: 'विद्यार्थिनीचं स्वतःचं मत: नोंदवलेलं नाही. पालकांनी विचारत राहावं.'

अण्णा जिन्यातच भेटले. तुर्की बाईंकडून चहा पिऊन येत होते. सुधीरनं त्यांना सांगितलं, मिळालं म्हणून. त्या मंगळवारच्या जेवणापासून तो त्यांच्याशी नीट बोलला नव्हता. आता त्यांचा मफलर सारखा करून दिला. अण्णा म्हणाले, चांगलं झालं, आणि मग उर्जाकडे बघून विचारलं, "तुला हवं होतं?"

तिनं खांदे उडवले. अण्णांनी मान हलवली, जणू वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी फडकं आणलं. महिना होत आला होता, बहुतेक दारांवरचा खडू लोकांनी किंवा जिना झाडणाऱ्यानं पुसला होता, कुठे कुठे राहिला होता. आजोबा आणि नात दारोदार पुसत वर आले, मी मागून पाण्याची बादली घेऊन. हाउग आजींनी त्यांचा १/१ पुसू दिला नाही. सहावं दार अजून बंद. चौथ्या नंबरची चौकट मी बघायची टाळत होते. अण्णा थांबले म्हणून बघितली. तीन राजांचं लिखाण तिथे कधीच नव्हतं. अण्णांचं मात्र होतं. चार, तिरपी रेघ, पुढे कोरं. ड्योर्फलर त्या दिवशी ओलं फडकं घेऊन आमच्या दारात आले होते, आणि स्वतःच्या चौकटीला त्यांनी ते लावलंच नव्हतं.

अण्णा फडकं हातात धरून उभे राहिले. पुसू की नको, त्यांनी मला विचारलं. मला कुठे माहीत होतं. मी उर्जाकडे पाहिलं. ती पुढच्या पायऱ्या चढून गेली होती.

आमच्या दारावर ८/४. तिनं टाचा उंचावून बोटानं चार पुसला, आठ आणि रेघ ठेवली, आणि मी बादली खाली ठेवून वाट पाहत राहिले की आता ती पुढे काय लिहिते.